दाजींचा लांबचा संसार

अख्ख्या परभणी जिल्ह्यात स्वतःच्या बायकोवर माझ्या साडूइतकं लांबून प्रेम कुणी केलं नसेल. हे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. माझी बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून आमच्या घरात लहानथोर सगळेच त्यांना दाजी म्हणतात. दाजी गंगाखेडला सरकारी कचेरीत कारकून आणि मेहुणी रत्नागिरीकडे समुद्राकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला ती नोकरी लागली. ‘दोन-तीन वर्षांत बदली होईल’ असं सगळे म्हणत राहिले आणि तेवढ्यात त्यांची लेक तिकडेच आईजवळ शिकून पुण्याला नोकरीला लागलीसुद्धा. दाजी मात्र आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, देहानं गंगाखेडात आणि मनानं कोकणात राहत होते. आमच्याकडे ऊन रणरणत असताना हा माणूस ‘आज पाऊस लय हाय’ असं सांगायचा आणि ऐकणारा वर बघत राहायचा. एकदा मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. मेहुणी फोनवर म्हणाली, “अगं बाई, पाऊस आला हो!” तशी दाजी ताडकन उठले आणि दोरीवरचे स्वतःचे कपडे गोळा करून घरात घेऊन गेले. बाहेर आल्यावर त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कपडे पुन्हा वाळत घातले.

जेवणाचंही तेच. तिची मधली सुट्टी झाली की हे कचेरीतून घरी येणार, तांब्याला टेकवून फोन उभा करणार आणि समोर ताट घेणार. तिनं पहिला घास घेतला की यांनी घ्यायचा. तिकडच्या डोंगरात रेंज गेली तर हातातला घास हातातच. “खा की दाजी, निवतंय,” असं म्हटलं तर म्हणायचे, “थांबा हो, ती चावायलीय अजून.” भांडणंही फोनवरच व्हायची आणि ऐन रंगात आली की फोन कटायचा. मग कोण कुणावर चिडलं होतं हे पुन्हा फोन लागेपर्यंत दोघंही विसरलेले असायचे. दोघांचा आवाज एकमेकांवर चढला असं मी कधी ऐकलं नाही, त्याचं थोडं श्रेय मी त्या डोंगराला देतो.

सणवारांचं तर विचारूच नका. भीमजयंतीला शाळेला सुट्टी एका दिवसाची, त्यात मेहुणी एवढ्या लांबून येणार कशी? दाजी सकाळी पांढरे कपडे घालून विहारात वंदनेला जायचे, संध्याकाळी मिरवणुकीत नाचायचे, पण घरात गोडधोड नाही. खीर व्हायची ती मे महिन्यात, ती सुट्टीला आली की. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला जोडून दुसऱ्या दिवशी जयंतीची खीर खायला आम्हाला बोलावणं यायचं. “दाजी, जयंती होऊन महिना झाला,” असं माझी बायको म्हणायची. त्यावर ते शांतपणे सांगायचे, “मिरवणूक गावाची असती. खीर घरची. घरचं माणूस आल्याबिगर कशी करावी?”

एका वर्षी मात्र त्यांनी बेत बदलला आणि खीरच कोकणात न्यायची ठरवली. दुधाच्या कॅनमध्ये तांदळाची खीर भरून, कॅन मांडीवर घेऊन एसटीत बसले. एप्रिलचं ऊन. लातूरला उतरून वास घेतला तर शंका आली, म्हणून स्टँडसमोरच्या हॉटेलवाल्याला विनवून ती उकळून घेतली. तो भला माणूस पैसे घेईना, म्हणून त्याला वाटीभर खीर दिली. सोलापूरला पुन्हा उकळली आणि तिथल्या भटारखान्यात चौघांना वाटली. कोल्हापूरला वासानं ड्रायव्हर-कंडक्टरच जवळ आले आणि जयंतीची खीर म्हटल्यावर नाही कुणाला म्हणणार? उरलेल्या गाडीनंही हात पुढे केले. मेहुणी स्टँडवर घ्यायला आली होती. तिनं कॅनचं झाकण उघडून आत डोकावलं. तळाशी दोन चमचे खीर होती. “एवढी कशाला आणायची हो!” असं म्हणून ती तिथंच हसत खाली बसली.

आणि मग एके दिवशी खरंच बदली झाली. घाईघाईत तिकडचं अर्धं सामान घरमालकीण काकूंकडे ठेवून मेहुणी आली आणि गंगाखेडजवळच्या शाळेवर रुजू झाली. आम्ही पेढे वाटले. आठवडाभरानं दाजी आमच्या दारात येऊन उभे.

“काय झालं दाजी?”

“काई न्हाई. ती घरात हाय.”

“मग?”

“मग फोन कुणाला करू?”

आम्ही हसलो, पण ते हसले नाहीत. समोरासमोर बसलं की दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. मेहुणी माझ्या बायकोजवळ म्हणाली, “दिवसभर माझ्या मागं मागं फिरायलेत. बोलत तर काहीच न्हाईत.” ती स्वतःही दिवेलागणीला दारात उभी राहून गप्प व्हायची. दाजींनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला. “तिचा आमच्यावर राग हाय,” ते मला म्हणाले. “इतकी वर्षं तिकडं ठेवलं म्हणून.” त्या दिवसांत ते खरोखर वाळले.

दिवाळीच्या सुट्टीत उरलेलं सामान आणायला दोघं मिळून गेले. आजवर दाजी तिथं जायचे ते एक-दोन दिवसांसाठी, आणि तेवढे दिवस मेहुणी बाकीचं जग बंद ठेवायची. या वेळी जग उघडं होतं. काकूंनी तिला मिठी मारली. शिकून मोठ्या झालेल्या मुली लेकरं कडेवर घेऊन भेटायला आल्या. मासळीवाली टोपली खाली ठेवून “कधी आलात बाई?” करत तासभर बसली. मेहुणी त्यांच्यासारखीच बोलत, त्यांच्यासारखीच हसत होती. दाजी ‘बाईंचे मिस्टर’ म्हणून ओट्यावर चहा पीत बसले होते. “आमाला वाटायचं, ती तिथं निस्ती दिवस काढायलीय,” ते मला नंतर म्हणाले. “तिचं तर समदं गाव होतं तिथं. आमी कधी इचारलंच न्हाई.”

परतीच्या गाडीत घाट सुरू झाला तशी मेहुणी पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. कंडक्टर तिकिटं देत आला आणि सहज म्हणाला, “माहेराहून निघालात वाटतं?” तिचं खरं माहेर पाथरीचं. ती काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, “व्हय. माहेरच हाय.”

मग ती बोलायला लागली. काकू कशा आजारात जागल्या, कुठल्या मुलीचं लग्न तिनं जमवलं, कुणाच्या होडीचं काय झालं, एकेक माणूस घेऊन ती सांगत गेली आणि दाजी ऐकत आले.

सामान होतं म्हणून मी त्यांना न्यायला गंगाखेडच्या स्टँडवर गेलो होतो. गाडी आली, रिकामी झाली, निघूनही गेली. ही दोघं पिशव्या पायाशी ठेवून बाकावर बसलेली. ती हातवारे करून काही सांगत होती आणि दाजी मान तिच्याकडे वळवून ऐकत होते. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. पलीकडच्या गाड्यावर चहा सांगितला आणि तो सावकाश प्यायलो.