आयचं बोलणं कोणाकडे आहे

हॅकेथॉन हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो आमच्या कॉलेजच्या गेटवर लागलेल्या बॅनरवर. मी खारघरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररीत नोकरीला होते आणि रोज पनवेलहून बसने जायचे. हॅक म्हणजे चोरी, एवढंच मला माहीत. पेपरात यायचं ना, अमक्याचं खातं हॅक झालं, तमक्याचा ईमेल हॅक झाला. त्यामुळे चोरीची स्पर्धा कॉलेज भरवतंय आणि वर ‘ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यासाठी’ असं लिहितंय, हे पाहून मी बॅनरसमोर थांबलेच. मग कोणीतरी समजावलं की मुलं सलग दोन दिवस बसून समाजाच्या एखाद्या अडचणीवर उपाय तयार करतात, परीक्षक येतात, बक्षीस मिळतं. शंका काही गेली नाही, फक्त तिची जागा बदलली.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटर विभागाचे एक सर लायब्ररीत आले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी पुस्तकाच्या पलीकडे बोलले नव्हते. खुर्ची ओढून समोर बसले आणि म्हणाले, “मॅडम, तुमच्या मदरना विसरायचा त्रास आहे ना?”

हे ह्यांना कोणी सांगितलं? मी रजेच्या अर्जात लिहिलं होतं, आणि तो अर्ज ऑफिसच्या बाहेर जायचं कारण नव्हतं.

“आमच्या एका टीमला खरा पेशंट हवाय,” सर म्हणाले. “नुसतं गूगलवर वाचून मुलांना कळत नाही. एकदा घरी येऊन बघतील. तुम्हालाही उपयोग होईल.”

मी विचार करते म्हणाले. खरं तर नाही म्हणायचं होतं. पण आय आदल्याच आठवड्यात दार उघडून निघून गेली होती आणि एसटी स्टँडवर उरणच्या गाडीची वाट बघत सापडली होती. तिला उरणजवळ मोऱ्याला जायचं होतं. मोरा तिचं सासरही आणि माहेरही. जन्मभर तिथल्या धक्क्यावर मासळी घेतली आणि उरणच्या बाजारात विकली. वडील गेल्यावर आणि तिचं डोकं चालेनासं झाल्यावर मी तिला पनवेलला आणलं, तळ्याजवळच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात. माझा नवरा जासईला कंटेनरच्या यार्डात पाळीवर, मी खारघरला. दिवसा तिच्यापाशी शेजारची एक बाई बसायची. ती स्वयंपाकघरात गेली की आय दाराशी. तेव्हा म्हटलं, येऊ देत.

रविवारी सकाळी तिघं आले, दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलग्यांनी दाराचे, कडीचे, गॅसच्या शेगडीचे फोटो काढले. विचारलं मला, पण काढता काढता विचारलं. आयने कमरेची पिशवी पदराखाली घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ही मानसं जागा मोजाला आली काय? सही करू नको.”

आमच्या सगळ्या पट्ट्यात ज्यांच्या दारी कोणी टेप घेऊन आलं, त्यांच्या जमिनी पुढे कशा गेल्या ते आयने बघितलेलं होतं. बाकी सगळं विसरली तरी ते विसरली नव्हती. मुलगे हसले. मुलगी हसली नाही. ती खाली जमिनीवर आयच्या शेजारी बसली.

आयने तिच्या तोंडाकडे खूप वेळ पाहिलं. मग एकदम आवाज मऊ करून विचारलं, “जेवलीस काय गो?”

ती तिला आपली धाकटी बहीण समजली होती. माझी ती मावशी मी शाळेत असतानाच वारली. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. ती म्हणाली, “जेवले.”

“काय जेवलीस?”

“भात आणि मासे.”

नंतर चहा घेताना मला कळलं की ती मासे खात नाही. इतक्या सहज खोटं बोलणाऱ्या मुलीवर मी नजर ठेवायचं ठरवलं.

त्यांनी तयार केली ती एक छोटी पेटी. दाराला लावायची, आणि दार उघडलं की तिच्यातून ओळखीच्या माणसाचा आवाज येणार. आवाज माझा घेतला. कॉलेजच्या एका खोलीत बसवून माझ्याकडून म्हणवून घेतलं, “आय, आत ये. मी आलेच.” पुन्हा म्हणा, जरा प्रेमाने म्हणा, असं एक मुलगा सांगत होता. मी माझ्या आईशी प्रेमाने कसं बोलते, हे हा मला शिकवणार.

हॅकेथॉनच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आयला घेऊन मी हॉलमध्ये गेले. सगळ्यांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट, मागे ज्या कंपनीने खर्च केला तिचा मोठा बोर्ड. टेबलावर एक खोटं दार उभं केलं होतं. मुलग्याने ते उघडलं आणि माझा आवाज आला. आयने आधी टेबलाखाली बघितलं, मग दारामागे. मग माझा हात घट्ट धरून कानाशी म्हणाली, पण माइक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं, “ही कोन बाय बोलते? हिच्यावर भरोसा ठेवू नको.”

हॉल हसला. परीक्षकही हसले. कोणाला वाटलं नाही की पेटी चालली नाही. उलट टाळ्या पडल्या, आयचा हात धरून फोटो काढले, आणि टीमला दुसरं बक्षीस मिळालं. पेटी सरांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात गेली. आमच्या दाराला मी साधी कडी वर लावून घेतली, आयचा हात पोचणार नाही अशी. त्यानंतर मुलगेही फिरकले नाहीत की सरही. मला त्याचं नवल वाटलं नाही. अंदाज बरोबर निघाल्याचं एक कोरडं समाधान तेवढं वाटलं.

आणि मग एका शनिवारी ती मुलगी दारात उभी.

“आता काय राहिलं?” मी विचारलं.

“काही नाही मॅडम. आजींना भेटायला आले.”

ती पुन्हा पुढच्या शनिवारी आली, आणि त्याच्या पुढच्याही. ही का येते, याची कारणं मी मनात लावत राहिले. हिला परदेशात ॲडमिशन घ्यायचं असेल, तिथे समाजसेवा दाखवावी लागते. किंवा सरांनी मार्कांचं काही कबूल केलं असेल. ती आली की मी बाजारात जायचे, पण कपाटाला कुलूप लावून. खोटं कशाला सांगू, मला त्या वेळाची गरज होती. आणि आय तिच्याशी बोलायची. माझ्याशी ती चिडचिड करायची, मला कधी नर्स समजायची, कधी भाडं मागायला आलेली बाई. तिच्याशी मात्र तासन् तास बोलायची. मी जिन्यात आले की मला आयचं हसू ऐकू यायचं.

एकदा मी लवकर परतले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आय हळू आवाजात बोलत होती, म्हणून मी बाहेरच थांबले.

“पोरीला काखेत मारली नि सकालच्या लाँचीत बसले,” आय सांगत होती. “मना परत येवाचा नव्हता. त्याचा मार खाऊन कंटाललेली. तिकडं मुंबईला दिवसभर बसले धक्क्यावर. पोर रडाला लागली. कुठं जाणार? संध्याकालच्या लाँचीनं परत आले, तर तू आपली मोऱ्याच्या धक्क्यावर उभी. तुना कसा कललेला?”

आय पुढे बोलतच राहिली.

“घरी मी बोलले, मासली घेवाला गेलेले. मंग माझा जनम गेला या विचारात, तू कोनाला सांगितला असशील. खरा सांग. तू कोनाला बोलली नाय ना?”

“नाही,” मुलगी म्हणाली. “कोणालाच नाही सांगितलं.”

“त्याला पन नाय?”

“नाही.”

आयने सुस्कारा सोडला. काखेतली ती पोर मी. वडिलांचा हात उठायचा हे मी लहानपणी पाहिलेलं होतं, पण आय एकदा निघाली होती हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आणि सख्ख्या बहिणीवरचा इतका जुना संशय तिने कोणाला कळू न देता सांभाळला होता.

मी दार ढकललं. आयच्या उशीजवळ मुलीचा फोन उताणा पडला होता, आणि त्याच्यावर एक लाल ठिपका चालू होता.

मी तिला जिन्यात बोलावलं. “रेकॉर्ड करतेस?”

ती नाही म्हणाली नाही. “सरांची कल्पना होती मॅडम. बोलण्यावरून आजार लवकर ओळखता येईल का, असं पुढच्या हॅकेथॉनला करायचंय. त्यासाठी आवाज हवे होते.”

“मला विचारलंस?”

“सर म्हणाले, तुमची परवानगी आहे.”

“आणि सरांना कोणी दिली?”

ती म्हणाली, “पहिल्यांदा मी त्यासाठीच आले होते. आता त्यासाठी येत नाही. पण बंद करायचंही जमलं नाही. त्या इतकं बोलतात.”

“आत्ता तू तिला काय सांगितलंस? कोणाला सांगितलं नाही म्हणून?”

तिचे डोळे भरले. मला तिची दया आली नाही. मी तिला तिथेच उभं करून सगळं पुसायला लावलं. एकेका शनिवारचं एकेक, माझ्या डोळ्यांदेखत. “सरांकडे गेलंय?” नाही म्हणाली. “कॉम्प्युटरवर?” नाही म्हणाली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. भात आणि मासे जेवले म्हणताना तो जसा होता, तसाच आत्ताही होता.

सोमवारी मी सरांना गाठलं. ते म्हणाले, “अहो मॅडम, नाव कुठे येणार होतं? नुसता डेटा.” मी म्हटलं, तो डेटा माझी आई आहे. मग त्यांनी तो विषय सोडला, आणि लायब्ररीत माझ्याशी बोलणंही.

मला वाटलं मुलगी आता येणार नाही. पण ती आली. दारातच तिने फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. परीक्षा होईपर्यंत ती तशीच येत राहिली, आणि मी स्वयंपाकघरात तिचा फोन ओट्यावर ठेवून पोळ्या करत राहिले. आयचं बोलणं हळूहळू तुटक झालं. पुढे तिला कोणीच ओळखीचं वाटेनासं झालं, ती मुलगीही नाही. मुलीला बंगळूरला नोकरी लागली. आय पुढच्या थंडीत गेली.

दिवस झाल्यावर मुलीचा फोन आला. कोणाकडून तरी तिला कळलं होतं. थोडं बोललो. ठेवताना मी विचारलं, “ते रेकॉर्डिंग तू खरंच सगळं पुसलं होतंस ना?”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “हो मॅडम.”

त्या वेळी पुसायला लावलं ते बरोबरच होतं, आजही मी तेच करीन. पण आयचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसता बँड वाजतो. एखाद्या शनिवारी बाजारातून येताना जिन्यात पाय थांबतात, तेव्हा मला फोनवरचं त्या मुलीचं थांबणं आठवतं आणि वाटतं, ही पोरगी तेव्हाही खोटं बोलली असावी. मी तिला पुन्हा विचारलेलं नाही.