लाखोळीच्या गाठींसाठी कारंजा

जानेवारीतल्या एका सकाळी वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्याकडे खुरपं, बर्फाचा डबा आणि भरपूर लाज एवढंच सामान होतं. लाजेचं कारण आधी सांगून टाकते.

तीन वर्षांपूर्वी मी कारंजा घाडगेजवळून लाखोळीच्या (जिची लाखेची डाळ होते) मुळांवरच्या गाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत नेल्या होत्या. या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला पुरवतात. ज्या जनुकांमुळे हे जमतं त्यांना ‘निफ’ म्हणतात, आणि या जिवाणूत ती मुख्य गुणसूत्रापासून वेगळ्या, डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात. माझा जिवाणू मातीत पाणी साचलं तरी नेटानं काम करायचा. सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता. असा नमुना अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवायचा असतो, हे पहिल्या वर्षाची पोरंही जाणतात. मी मात्र हाताशी असावा म्हणून त्याला ट्यूबमध्येच पोसत राहिले, दर पंधरवड्याला ताजं, नत्रानं भरलेलं खाद्य घालून. सगळं आयतं मिळतंय म्हटल्यावर त्यानं ते कडंच टाकून दिलं. जिवाणू धडधाकट, निफ गायब! प्रबंधाला सहा महिने उरले होते आणि माझ्या पदरात एक ऐतखाऊ.

आर्वीमार्गे एसटीनं कारंजा गाठलं. रस्ताभर पऱ्हाटी (कपाशी), तुरीची वावरं (शेतं) आणि संत्र्याच्या बागा. हायवेवर खुणेचं कडुनिंबाचं झाड दिसलं तिथे थांबले. लाखोळी कुठेच नव्हती. मुरूम टाकून सपाट केलेल्या जागेत ट्रक उभे होते, मागे नवा धाबा.

“इथलं शेत कुठं गेलं?” मी धाबेवाल्याला विचारलं.

“कोठी जाईन? मुरमाखाली हाये,” तो हसला. माझा चेहरा पाहून त्यानं चहा पुढे केला. “गिरजाबाई पायजे का तुमाले? जागा भाड्यानं देली तिनं. नाल्यापल्याड नवं वावर करून राह्यली.”

नाला ओलांडताना एक बूट चिखलात रुतला, तो काढताना दुसरा. शेवटी अनवाणीच गिरजामावशीसमोर उभी राहिले. साठीची काटक बाई. मुळं न तोडता झाड कसं उपटायचं, हे मागच्या खेपेला तिनंच मला शिकवलं होतं.

“काऊन वो बाई, पायात काई नाई?”

मी हातातले बूट दाखवले. ती पोट धरून हसली. मग मी काहीही न लपवता सगळं सांगितलं.

पण नवं वावर पाहून माझा धीरच सुटला. लाखोळी यंदा पहिल्यांदाच, आजवर इथे नुसती पऱ्हाटी झालेली. लाखोळीचा जिवाणू अशा मातीत असण्याची आशा फार थोडी, त्यातून माझा तर नाहीच. मी धुऱ्यावर (बांधावर) बसले आणि चक्क रडू लागले.

“रडून काऊन राह्यली? उपटून तं पाह्य.”

“नव्या मातीत तो नसतो, मावशी.”

“नवी कोठी? मुरूम पडायच्या आंधी चार टोपले जुनी माती आनली ना मी. लाखोरी नव्या जागी पेरली का बियाले जुन्या वावरची माती चोळा लागते. नाई तं पीक पिवळं पडते. माही सासू बी असंच करे.”

विरजण! दुधाला लावतात तसं. पुस्तकात हे वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. एखाद्या घरात ते अजून चालत असेल, हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

झाड उपटलं, मूळ नाल्यात धुतलं. गाठी होत्या. एक नखानं चिरली. आत गुलाबी! गुलाबी म्हणजे कामावर असलेली.

“असा रंग असते आतमंधून? अन् मी आजवर पाह्यलाच नाई,” म्हणत मावशी एकेक गाठ चिरत सुटली. शेवटी मला ओरडावं लागलं, “मावशी, माझ्यासाठी ठेवा!”

दुपारी तिच्याकडे ज्वारीची भाकर, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि ठेचा. इतकं चवीचं मी कितीतरी दिवसांत खाल्लं नव्हतं.

“इतकी गुणाची गाठ तं तुह्याकडं काऊन बिघडली?”

“खायला फार घातलं.”

“माह्या लायन्या दिरासारखं!” ती म्हणाली.

परतीच्या गाडीत डबा मांडीवर धरून बसले. गुलाबी रंगानं आशा दाखवली होती, पण हा तोच जिवाणू आहे का, हे तपासल्याशिवाय कळणार नव्हतं. मी त्याला तीन वर्षं जिवंत ठेवलं होतं, पण त्याच्या गुणाला काम दिलं नव्हतं. मावशीनं त्याला कधी पाहिलंही नव्हतं, तरी दरवर्षी मुळाशी नेऊन कामाला लावलं होतं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणाचा मला राग आला आणि तिचा हेवा वाटला.

महिन्याभरानं तपासणीत निफ सापडलं. पाणी साचवलेल्या कुंडीतही तो टिकला. नमुने लगेच फ्रीजरमध्ये ठेवले आणि मावशीला फोन लावला.

“मावशी, तोच आहे!”

“बरं झालं माय. अन् मुरमाखाली राह्यले ते?”

“काही जगतील. पण मुळाविना त्यांचा गुण किती टिकेल, सांगता येत नाही.”



“मंग यंदा दोन-चार घरी माती देऊन ठेवतो मी. माह्या एकटीच्या भरोशावर नोको.”

फोन ठेवला आणि मी फ्रीजर पुन्हा उघडला. दोन ट्यूब बाहेर काढून दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेचा पत्ता त्यांवर लिहिला.