मागच्या सीटवरची साक्ष

देवापुढे बसले तरी हे तोंडातून निघत नाही. देवाकडे दुसरंच काहीतरी मागते आणि उठते. नवऱ्याला माहीत नाही, आईला माहीत नाही. एका बाईला माहीत आहे, आणि तिने कधी कोणाला सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगते.

वैशाली माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आमच्याकडे आली ती स्वतःची स्कूटी घेऊन — लग्नाआधीच्या पगारातून घेतलेली. आमचं गाव नंदुरबारपासून जवळ, मिरचीचं. ती रोज नंदुरबारला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला जायची. दीर सुरतेला नोकरीला, शनिवारी यायचे. सगळ्यांना वाटलं होतं, सासरे तिची नोकरी बंद करतील. पण आबांनी काय करावं? गाडी उन्हात राहते म्हणून बैलांच्या गोठ्याशेजारी पत्र्याची शेड घातली.

मला शेड टोचली. हो, पत्र्याची शेड.

कारण मीही एकदा गाडी शिकते म्हणाले होते. नवी सून होते तेव्हा. आबा हसले होते आणि म्हणाले होते, "तुले कोठे जानं शे?" खरंच, मला कुठे जायचं होतं? मी चूल, गुरं, मिरची तोडणाऱ्या बायांचा चहा यातच राहिले. आणि ही आली, आणि तिला कुठे जायचंय हे कोणी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी हॉर्न वाजला की माझीच मुलं माझ्या हातातला घास सोडून तिच्याकडे पळायची. आबा ओट्यावरून म्हणायचे, "उनी मन्ही वाघीन," आली माझी वाघीण. मला कधी कोणी शेळीसुद्धा म्हटलं नाही.

त्या दिवशी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून मी तिच्या मागे बसले. ती हेल्मेट घालून नीट, हळू चालवत होती. मार्केटच्या रस्त्याला मिरचीच्या गाड्यांची गर्दी, डोळ्यांत पाणी येत होतं. तेवढ्यात माझ्या बहिणीचा फोन आला. तिला वैशालीशी क्लासच्या फीबद्दल बोलायचं होतं. मी स्पीकर लावला आणि फोन वैशालीच्या खांद्यावरून पुढे, तिच्या कानाजवळ धरला. ती म्हणाली, "ताई, आत्ते नको." मी तसाच धरून ठेवला. का? तिने नको म्हटलं म्हणूनच असेल.

चौकात पोलिसाने समोरून फोटो काढला. फोटोत हँडल आलंच नाही; फक्त हेल्मेट, त्याला लागून फोन, आणि बोटं कोणाची ते कळत नाही. गाडी चालवताना मोबाइल — चलान तिच्या नावावर.

आता हे समजून घ्या. दंड भरून विषय मिटला असता. पण आमच्या घरात हा विषय मिटणारा नव्हता. आबांच्या सख्ख्या पुतण्याने मोटरसायकलवर फोन कानाला लावला होता आणि तो ट्रॅक्टरखाली गेला होता. तेव्हापासून आबांच्या डोळ्यांदेखत कोणी गाडीवर फोनला हात लावत नाही. त्या रात्री जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर बसले. नवरा म्हणाला, भरून टाका, कोर्टाच्या तारखा कोण करत बसेल? वैशाली म्हणाली, "जे करंच नही, ते कबूल कसाले करू?" ती कोर्टात जाणार होती. वकिलाला विचारून आली होती. मागे बसलेलीने खरं सांगितलं तर निभेल, असं तो म्हणाला होता.

आणि आबा काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ती खरी असेल तर मी स्वतः तिच्याबरोबर कोर्टात उभा राहीन. ज्या माणसाने मला कधी दवाखान्यापर्यंतही सोडलं नाही, तो तिच्यासाठी कोर्टाची पायरी चढायला तयार होता.

मग ते माझ्याकडे वळले. "मोठी, तू मांगे बशेल व्हती. तू सांग."

वैशाली माझ्याकडे बघत होती. निर्धास्त. मी खरं सांगेन याची तिला शंकासुद्धा नव्हती — हे मला आजही सहन होत नाही.

मी म्हणाले, "फोन तिनाच हातमा व्हता, आबा."

जीभ घसरली नाही, मी घाबरलेही नव्हते. आत काहीतरी गार पडल्यासारखं झालं, आणि ते मला आवडलं.

ती हळूच "ताई?" एवढंच म्हणाली. आबांनी हात पुढे केला, तिने चावी त्यांच्या हातात ठेवली. सकाळी चलान भरून टाकलं. कोर्ट राहिलं. क्लासच्या वेळेला बस नव्हती, महिन्याभरात नोकरीही गेली. आबांनी तिला वाघीण म्हणणं सोडलं. मुलांना म्हणाले, काकूच्या गाडीला हातही लावायचा नाही. मुलांनी मला विचारलं, काकू वाईट आहे का? मी म्हणाले, मोठ्यांच्या गोष्टीत पडू नका.

पुढे दिरांनी तिला सुरतेला नेलं. स्टेशनवर सोडायला आबा आणि मी गेलो होतो. गाडी यायच्या आधी ती माझ्या पाया पडली, उठली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, तुम्हले बी गाडी शिकनी व्हती ना? मले एकदाव सांगं का नही तुम्ही?"

तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. तिने बघून ओळखलं होतं. मी ज्या गोष्टीसाठी तिला खोटं पाडलं, ती तिने मला हसत दिली असती.

तेव्हा तरी मी सांगू शकत होते. आबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते, तिची पिशवी धरून, तिच्याकडे न बघता. एक वाक्य पुरलं असतं. मी पदर सावरला आणि म्हणाले, गाडी आली.

आबा आता नाहीत. गेले तेव्हाही ते तिला खोटारडी समजूनच गेले.