लातूरहून बेंगळुरू, नांदेडमार्गे

माझ्या धाकट्या बहिणीचं पहिलं बाळ जन्मतःच गेलं, तेव्हा आई रेल्वेने दुसऱ्या दिवशी बेंगळुरूला पोचली. तोवर पोरीचे डोळे कोरडे झाले होते. ते आईच्या मनातून कधी गेलं नाही. बहिणीला पुन्हा दिवस गेले तसं आईने सांगून टाकलं, "या खेपेला म्या आधीच जाऊन बसणार."

आईची कंबर रेल्वेच्या प्रवासाला तयार नव्हती, म्हणून मी नांदेडहून विमानाची तिकिटं काढली. विमानाला जेमतेम सव्वा तास. लातूरहून नांदेड गाठायलाच एसटीने साडेतीन तास.

निघायच्या दिवशी सकाळीच जावयांचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, तारखेच्या बऱ्याच आधी. आम्ही पहिली गाडी धरली. अहमदपूर मागे पडलं आणि गाडी धूर सोडत रस्त्याच्या कडेला थांबली. कंडक्टर म्हणाला, "दुसरी गाडी मागवलीय, पण येळ लागंल."

भावाला फोन लावला. तो म्हणाला, "आता विमान कुठलं मिळतंय? परत या. उद्या बघू."

आईने फोन माझ्या हातून घेतला. "तू बघ उद्या. म्या आज चालले."

आणि ती खरंच रस्त्यावर जाऊन उभी राहिली, पदर खोचून, हात आडवा करून. दोन मोटारी न थांबता गेल्या. मग एक टेम्पो थांबला. लातूरला केळी उतरवून रिकामे क्रेट घेऊन अर्धापूरला परत निघालेला. चालक पांढऱ्या दाढीचे, नांदेडचे.

"पोरगी बाळंत होऊन राहिली, भाऊ. विमानतळावर सोडता का?"

"बसा की आपा," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं ते म्हणाले. "माझ्या वाटेवरच हाय."

लोहा आलं. मग त्यांनी विचारलं, "पहिलंच का?" आई म्हणाली, "दुसरं. पहिलं ऱ्हायलं न्हाई." त्यांनी मान हलवली आणि टेम्पो जरा जोरात काढला.

विमानतळावर चेक-इनची खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. मी सामानाशी झटत होते, तोवर कंबर धरून चालणारी आई पुढे जाऊन काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी. "दोघी हाव आम्ही," ती म्हणाली, "आलो बघा." तिथल्या मुलीने घाईने पास काढून दिले.

ढगात गेल्यावर मी तिला खिडकीतून बघ म्हटलं. तिने बघितलं नाही. समोरच्या सीटकडे बघत ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत राहिली. उतरल्यावर शहरातल्या गर्दीने विमानापेक्षा जास्त वेळ खाल्ला.

दवाखान्यात नर्स म्हणाली, आत एकच जण. जावई बाजूला झाले. आईने चपला काढल्या, हात धुतले आणि आत गेली. दार लागायच्या आधी बहिणीचा आवाज ऐकू आला, "आलीस?"

"आले गं. रड आता पोटभर, म्या हाय."

संध्याकाळी मुलगी झाली. रडली, तेही जोरात.