काकूची आगारी

माझ्या काकूला आजाराने नाही, आमच्या घरच्या पंगतीने मारलं.

आज आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सकाळपासून भावकीच्या ग्रुपवर तिचा एकुलता एक फोटो फिरतोय. खाली 'अन्नपूर्णा होती हो' असं लिहून सगळ्यांनी हात जोडलेत.

डोकं फिरलं माझं. म्हणून लिहायला बसले. कुणाला राग आला तर खुशाल येऊ दे.

साठच्या दशकातली गोष्ट. शहाद्याजवळ तापीकाठी आमचं गाव, घरी कापूस आणि केळी. मी तेव्हा शाळकरी पोर.

काकू म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. अंगाने चांगली जाडजूड, हसली की खाट हलायची. गावातल्या बायका तिला तोंडावर 'सरकीची गोणी' म्हणायच्या. तीही हसून घ्यायची. दुसरं काय करणार?

तिच्या पोटात अल्सर झाला. काका तिला सुरतेला घेऊन गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, पोटाचा मोठा भाग कापून काढावा लागेल, पण एवढ्या वजनावर ऑपरेशन नको. आधी वजन उतरवून या.

आणि घरी काय? ऑपरेशन म्हटल्यावर जो तो डबा घेऊन हजर. रक्त जाईल, ताकद पाहिजे, म्हणून मेथीचे लाडू, तुपातला शिरा. 'गोणी' म्हणणाऱ्याच बायका समोर ठाण मांडून आग्रह करायच्या.

काकू हो हो म्हणायची आणि त्यांची पाठ वळली की लाडू आम्हा पोरांच्या हातात कोंबायची. स्वतः ताकावर आणि मुगाच्या पाण्यावर राहिली. वजन उतरवलं तिने. एकटीने.

तिला जगायचं होतं हो.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काकाला समोर बसवून बजावलं. पोट आता वाटीएवढं उरलंय. थोडं थोडं खायला द्या, पण दिवसभर देत राहा. गोड नको. एकदम ताटभर तर मुळीच नको.

आता आमच्या घरची रीत ऐका.

आधी पुरुषांची पंगत. मग पोरं. मग बायका, आणि त्यातही धाकटी सून सगळ्यांच्या शेवटी. पुरुष शेतातून येईपर्यंत दुपार कलायची. तोवर सुनेने तोंडात दाणा टाकायचा नाही.

सासू तेव्हा हयात नव्हती. मोठी सून माझी आई. रीत सांभाळायची ती.

एका सकाळी काकू चुलीपाशी बसून ताकात कुस्करलेली भाकरी खात होती. आईने तिच्या पुढ्यातली वाटी उचलली.

"मोठा मानसे अजून जेवना नहीत, अन तू खाई ऱ्हायनी?"

काकू हळूच म्हणाली, "बाई, हाई भूक नही शे. हातपाय कापी ऱ्हायनात."

"मीबी असाच दिन काढात," आई म्हणाली, आणि वाटी फळीवर गेली.

काका ओट्यावरच होता. डॉक्टरांचा शब्द न् शब्द त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. तो उठला आणि खळ्याकडे चालता झाला.

आईचा राग येतोच. पण काकाचा त्याहून जास्त येतो, आजही.

मग तिसऱ्या प्रहरी काकूपुढे एकदम भरलेलं ताट यायचं. सणावाराला पुरणपोळी. चार घास गेले की तिला घाम फुटायचा, छाती धडधडायची, परसात जाऊन ओकायची. आणि घर म्हणायचं, एवढं वाढलं तरी हिचे नखरे संपत नाहीत.

अंग भराभर उतरलं. गावाला आनंदीआनंद! आता कशी बाईसारखी बाई दिसते म्हणे. दोघी-तिघींनी तर सुरतेच्या डॉक्टरांचा पत्ताही विचारून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेली. आखाजीच्या महिनाभर आधी.

तिरडी उचलताना कुणीतरी म्हणालं, किती हलकी झाली होती, ओझंच लागलं नाही. मी तिथेच उभी होते.

आखाजीला आमच्याकडे गेलेल्यांच्या नावाने घागर भरतात आणि पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकतात. ती आगारी. ती टाकल्याशिवाय घरात कुणी जेवत नाही.

त्या वर्षी काकाने काकूच्या नावाने आगारी टाकली. अख्खं घर उपाशी थांबलं होतं. तिच्यासाठी!

जिवंत होती तेव्हा सगळ्यांच्या शेवटी. मेली तेव्हा पहिला घास तिचा, आणि तोही पुरणाचा. मूर्खांनो, गोड तिला चालत नव्हतं.

गेल्या वर्षी माझ्या सुनेचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. तेही सुरतेलाच. तिच्या मोबाईलवर अलार्म वाजतो, ती छोटी वाटी घेते आणि खाते. पूजा असो, पाहुणे असोत. कुणी भुवई उचललीच तर मी बघते त्याच्याकडे. पुरतं तेवढं.

आज सकाळी निखारे फुलले होते, घागर भरून ठेवली होती, आणि अलार्म वाजला. सून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. माझी जाऊ म्हणाली, आगारी होऊ दे की आधी, एवढं काय मरण आलंय?

मी म्हटलं, "आलं होतं. माझ्या माहेरी."

सुनेला पाटावर बसवलं. तिची वाटी रिकामी होईपर्यंत निखाऱ्याला कुणाला हात लावू दिला नाही.

काकू, तुझा घास आज उशिरा आला. पुरण नव्हतं, ज्वारीची भाकरी होती. घागरीपाशी वाटीभर ताकही ठेवलंय.

तुझी वाटी आता कुणी उचलणार नाही.

सावकाश जेव.