कोंडली गो, ये!

वैनींच्या कानात एक बाई बोलायची, आणि इतक्या घाईने बोलायची की आम्हाला नुसता खळखळाट ऐकू येई. ती बाई म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. वैनींना, ऑफिसात सगळेच त्यांना वैनी म्हणत, जन्मापासून दिसत नव्हतं. एकदा त्यांचा इयरफोन मी माझ्या कानाला लावून पाहिला, एक शब्द लागला नाही. "एवढं भरभर कशाला लावता?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "तू डोल्यांनी अक्षर अक्षर लावून वाचतंस काय? मंग मी कानांनी कशाला वाचू?"

आमचं ऑफिस न्हावा शेव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. काचेच्या खिडक्या, एकही उघडत नाही. बाहेर एकावर एक रचलेले कंटेनर, आत आम्ही बारा जण. ग्राहकांचे मेसेज पडद्यावर येत राहतात, माझा माल कुठे अडकला, कधी सुटेल, आणि आम्ही उत्तरं लिहीत राहतो. भिंतीवर एक मोठा पडदा आहे. ज्याचं उत्तर उशिरा जातं, त्याचं नाव त्यावर लाल होतं. वैनी दहाच्या ठोक्याला खुर्चीत बसत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "चला, कोनाचा डबा हरवलाय आज?" कंटेनरला त्या डबाच म्हणत. पहिलं उत्तर त्यांचंच जाई. त्यांचं नाव लाल झालेलं मी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. आज त्या जागेवर कंटेनर उभे आहेत. "बा वाफ्यात पाय टाकायचा न् मना विचारायचा, पोरी, पिकलं काय गो? मी आवाजावरनं सांगायची," असं त्या अभिमानाने सांगत. पिकलेलं मीठ पायाखाली कुरकुरतं, कच्चं चिखलासारखं दबतं. या कानांनी त्यांना आधी मिठागरावर आणि मग ऑफिसात मान मिळवून दिला होता.

मग ऑफिसात उत्तरं लिहिण्याचं नवं सॉफ्टवेअर आलं. रंगीत, गुळगुळीत, सगळे खूश. ग्राहकाला कागद पाठवायचा झाला की त्यात एक चौकट उघडे. चौकटीत तीन बटणं, तिन्हींवर नुसती चित्रं. वैनींच्या कानातली बाई म्हणे, "बटण. बटण. बटण." कुठलं कशाचं, ते त्या बाईला तरी कसं कळणार? बनवणाऱ्यांनी त्यांना नावंच दिली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे कीबोर्डने त्या चौकटीतून बाहेर पडता येत नव्हतं. चौकट बंद करायची फुली फक्त माऊसने दाबता येई, आणि माऊस चालवायला बाण दिसावा लागतो. वैनी कळा दाबत तिथल्या तिथे फिरत राहायच्या आणि शेवटी हाक मारायच्या, "कोंडली गो, ये!"

मी जायची, फुली दाबायची. दिवसातून वीस वेळा. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी हसलो. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं नाव लाल झालं. तो पडदा त्यांना दिसत नव्हता, पण आजूबाजूचं टायपिंग क्षणभर थांबलं आणि त्यांना कळलं. "झालं ना लाल?" एवढंच म्हणाल्या.

मॅनेजरांनी त्यांना बोलावून घेतलं. महिनाभरात वेग आला नाही, तर पुढच्या, स्वागताच्या टेबलाशी बसून पाहुण्यांना नमस्कार करायचा. "वैनी, तुम्हाला तेवढाच आराम," ते म्हणाले.

"आराम कुनी मागितला, साहेब? मी दार मागतंय."

आता माझी गोष्ट. माझे वडील गोदी कामगारांच्या युनियनमधले. घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं शिकले ती त्यांवरच, 'जाहीर' आणि 'धिक्कार' हे माझे पहिले शब्द. माझं डोकं फिरलं. तीन बटणांना नावं द्यायची आणि एक कळ चालू करायची, एवढ्या कामाला कोणाला वेळ नाही आणि शिक्षा मात्र वैनींना! मी पत्रक तयार केलं. पिवळ्या जमिनीवर लाल अक्षरं, वर आवळलेली मूठ, 'अंध भगिनीचा कोंडमारा थांबवा!' ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं. पटापट अंगठे आले. मॅनेजर संतापले. मला वाटलं, लढाई सुरू झाली.

दुपारी डबा खाताना वैनींनी फोन पुढे केला. "काय टाकलंस गो? ही बाई म्हनते, चित्र. मंग अंगठा, अंगठा, अंगठा."

मी पत्रक चित्र करून पाठवलं होतं. त्यातलं एक अक्षरही त्यांच्या कानापर्यंत जाणार नव्हतं.

"वाच," म्हणाल्या. मी वाचलं.

"ही भगिनी कोन?"

"तुम्ही."

"आनि 'मूक अश्रू' कुनाचं? मी कवा मूक होते?" त्या हसल्या नाहीत. "माज्या नावानं तू आनखी एक चौकट बांधलीस, पोरी. हिला तर फुलीबी न्हाय."

त्यानंतर त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. तीन रकाने: मी काय केलं, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं. त्या अडत, मी फुली दाबी, त्या नोंद करत. मी मध्येच 'अन्यायकारक' घालायला सुचवलं, तर म्हणाल्या, "त्यांना शिव्या न्हाय लागत गो, पत्ता लागतो. कुठं अडलं त्याचा." बेचाळीस नोंदी झाल्या. शेवटची अशी: केलं, तीन वेळा बाहेर पडायची कळ दाबली. ऐकू आलं, 'बटण'. ऐकू यायला हवं होतं, 'चौकट बंद'.

यादी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे गेली. उत्तर आलं नाही. महिना भरला. वैनींना पुढचं टेबल दाखवण्यात आलं. तिथे त्या एक दिवस बसल्या, सगळ्यांना नमस्कार केला आणि संध्याकाळी राजीनामा दिला. अलिबागजवळ किहीमला त्यांच्या बहिणीची कॉटेजेस आहेत, आता तिथल्या बुकिंगचे फोन घेतात.

मी अजून इथेच, त्याच काचांच्या आत. चार महिन्यांनी त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. सूचनेत फक्त 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं होतं. मी ती चौकट उघडली आणि बाहेर पडायची कळ दाबली. चौकट मिटली. वाचणारं सॉफ्टवेअर चालू करून, अगदी हळू लावून, पुन्हा पाहिलं. तिन्ही बटणांना नावं होती. शब्द वैनींच्या तिसऱ्या रकान्यातले.

मी धावत जिन्यात गेले, फोन लावला. "वैनी, दार उघडलं!"

त्या म्हणाल्या, "बरं झालं. आनि आत कोन हाय आता?"

त्यांच्या खुर्चीवर कागदांचे खोके ठेवले आहेत. "कोणी नाही," मी म्हणाले.

"मंग तेबी लिही. तीन रकान्यांत."

जागेवर येऊन मी त्रेचाळिसावी नोंद लिहिली. तिसऱ्या रकान्यासाठी फार विचार करावा लागला नाही. केलं: चौकट उघडली आणि बंद केली. ऐकू आलं: 'चौकट बंद'. ऐकू यायला हवं होतं: 'चला, कोनाचा डबा हरवलाय आज?'

मग ती नोंद मॅनेजरांना पाठवली, साध्या अक्षरांत, आणि खुर्चीवरचे खोके उचलून खाली ठेवले.