वंशवेलीतला काळा चौकोन

माझी सगळी नोकरी माणसांच्या रक्ताच्या नोंदी सांभाळण्यात गेली. कोणत्या घरात कोणता गुण बापाकडून आला, कोणता आईकडून, हे गावोगाव फिरून विचारायचं, रक्ताच्या नळ्या भरून आणायच्या, माहिती कार्डांवर भोकं पाडून साठवायची आणि त्यातून हिशोब मांडायचा. पुढं संगणक आले, या कामाला मोठमोठी नावं मिळाली. मी पुण्याच्या त्या संस्थेत लागले तेव्हा आमच्याकडं एक खोली होती, चार लोखंडी कपाटं आणि दिवसभर खडखडणारं एक भोकं पाडायचं यंत्र.

मी देऊळघाटची. बाबा भाजीपाला करत. मिरची, वांगी, टमाटे. धाडच्या बाजाराला माल घेऊन ते स्वतः जात. मी बुलडाण्याला शिकले, मग नागपूरला आणि मग पुण्याला. पुण्यात पहिल्याच आठवड्यात ‘मले माहीत नाही’ म्हणाले आणि खोलीतल्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. त्यानंतर मी ‘मला’ म्हणायला शिकले. इतकं नीट शिकले, की सुटीत घरी गेल्यावर माय म्हणायची, “रेडिओवानी काऊन बोलून राह्यली वं?”

आमचे सर वयानं मोठे, उत्साही, मनानं निर्मळ. विदर्भात पाहणी करायचं ठरलं तेव्हा ते म्हणाले, “तुमच्याच गावापासून सुरुवात करू. ओळखीचं माणूस असलं की लोक दार लावून घेत नाहीत.” मला फार बरं वाटलं. जीपमधून सर आणि दोन सहकारी यांच्याबरोबर मी गावात शिरेन, शाळेच्या ओसरीवर टेबल मांडू, लोक बघतील, असं चित्र मी कितीतरी दिवस मनात रंगवत होते.

तसंच झालं. फक्त सुईला हात द्यायला कोणी पुढं येईना. रक्त काढून विकतात अशी बोलवा होती. मी समजावून सांगत होते, पण माझी ती पुण्याची भाषा ऐकून लोक आणखीच मागं सरकत होते. तेवढ्यात बाबा गर्दीतून पुढं आले. बाही वर सारली आणि म्हणाले, “घ्या हो साहेब. माह्या पोरीचं काम हाय. आधी माहं घ्या.”

रक्त झालं. मग रंगांची चाचणी होती. एक पुस्तक असतं, त्याच्या पानापानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ आणि ठिपक्यांमध्येच लपलेला आकडा. लाल-हिरवा फरक ज्याला कळत नाही त्याला तो आकडा दिसत नाही, किंवा भलताच दिसतो. पुस्तक धरायचं काम माझ्याकडं होतं.

पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं. बाबा म्हणाले, “बारा.” बाबा चौथीपर्यंत शिकलेले, आकडा त्यांनी ऐटीत वाचला. मी पान उलटलं. तिथं आठ होता.

“तीन,” बाबा म्हणाले.

मला वाटलं, उन्हाची तिरीप आली असेल. मी पुस्तक थोडं वळवलं. “नीट बघा, बाबा.”

“नीटच पाह्यतो. तीन हाय.”

मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, “काऊन हो, आठ दिसून नाही राह्यला काय?” लोक हसले. बाबाही हसले. पुढच्या पानावर त्यांना काहीच दिसेना. त्याच्या पुढच्यावरही नाही. सर खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच माणसात त्यांना हवं ते सापडलं होतं. ते इतके खूश झाले, की लोकांकडं वळून समजावून सांगायलाच लागले. “मंडळी, हे बघा, यांना लाल आणि हिरवा हा फरक दिसत नाही. जन्मापासूनच असतं हे. रक्तातून येतं. घाबरायचं कारण नाही.”

“मंग मिरची काय चाखून तोडतात?” मागून प्रश्न आला आणि ओसरी हशानं भरून गेली.

सरांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण बाबा बाही खाली करत होते, बटण लागत नव्हतं, आणि मी पुस्तक हातात धरून तशीच उभी होते. पुढच्या माणसाला बोलवायचं होतं. मी बोलावलं. त्यानंतर लोक भराभरा आले. बाबांची गंमत बघितल्यावर त्यांची भीती गेली होती. आपल्याला आकडा दिसतो हे दाखवायला जो तो उत्सुक होता.

घरी गेले तेव्हा माय चुलीपुढं होती. तिनं मान वर केली नाही.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“लग्न झालं त्याच सालापासून. हिरव्या मिरचीत पिकलेली तोडून टाकायचे. तवापासून मीच निवडतो. त्यायले काही म्हटलं नाही, गावाले कळू देल्लं नाही.” मग भाकर उलटवत म्हणाली, “एवढी वर्षं झाकून ठेवलं मी. तू गावभर पुस्तक फिरवलं.”

मलाच ठाऊक नव्हतं, हे खरं होतं, पण ते म्हणायलाही लाज वाटली. ज्या मुलीनं या विषयात दोन पदव्या घेतल्या तिला आपल्या बापाच्या डोळ्यांचं ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांना आमच्या घराण्याची वंशवेल हवी होती. वंशवेलीत पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आणि ज्याच्यात तो गुण आहे तो चौकोन काळा भरायचा. हा गुण आईकडून मुलाला येतो, म्हणजे बाबांच्या आईच्या माहेरी शोधायला हवं होतं. सर म्हणाले, “तुम्हाला अवघड वाटत असेल तर राहू द्या.” मी म्हणाले, “नाही, अवघड काय त्यात.”

बाबांना सांगायचं धाडस मात्र होईना. शेवटी त्यांनीच विचारलं, “साहेब अजून काय म्हणते?” मी सांगितलं. ते म्हणाले, “सोनाळ्याले मामा हाय माहा. चाल, मी येतो संगं.”

सोनाळा म्हणजे जिल्ह्याचं पार दुसरं टोक. एसटी बदलत, धूळ खात आम्ही तिथं पोचलो. मामा-आजोबा खाटेवर बसून होते, म्हातारे, पण आवाज खणखणीत. मी पुस्तक उघडलं. त्यांनाही पहिल्या पानापुढं काही वाचता आलं नाही. मी मान खाली घालून लिहून घेत होते, तर बाबा एकदम म्हणाले, “मामा, पळस फुलते तवा तुमाले कसा दिसते?”

“कसा म्हंजे? मातकट. लोक उगीच कौतुक करतात.”

“हाव ना! मलेही तसाच!”

मग दोघं कितीतरी वेळ बोलत राहिले. टमाटा पिकला हे बोटानं दाबून कसं ओळखायचं, लग्नात लुगडं निवडायला सांगितलं की अंगावर काटा कसा येतो. “मले वाटे, मी एकटाच हाव,” मामा-आजोबा म्हणाले. बाबांना मी इतकं मोकळं हसताना घरी कधी पाहिलं नव्हतं. परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून झोपले, आणि माझ्या पिशवीत त्यांच्या घराण्याचे दोन काळे चौकोन होते.

हे सगळं इथंच थांबलं असतं तर मी आज एवढं लिहिलं नसतं. माझ्या धाकट्या बहिणीला तेव्हा धाडचं एक स्थळ आलेलं होतं. माणसं पाहून गेली होती, पसंतीही कळवली होती. शेत, विहीर, मुलगा शिकलेला. मायला ते घर फार आवडलं होतं. पण धाडच्या बाजारात देऊळघाटची माणसं जातात आणि तिथं बोलायला विषय लागतो. माझं सरांबरोबर पुढच्या गावाला जायचं ठरलं, त्याच्या आदल्या दिवशी मुलाचे वडील एका नातेवाइकाला घेऊन आमच्याकडं आले.

चहा झाला. ते अदबीनं बोलणारे गृहस्थ होते. बाबांना त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडं वळून म्हणाले, “ताई, तुमी तर यातल्याच जाणत्या. हे जे डोयाचं निघालं, ते पोरीच्या लेकरायले होईन काय?”

स्वयंपाकघराच्या दारामागं माय उभी होती. तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. बहीण तिच्याही मागं होती. मी बाबांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते, मग म्हणाले, “सांग. तुले जे माहीत हाय ते सांग.”

मी सांगितलं. ‘तिला स्वतःला काही त्रास नाही. तिच्या मुलग्यांपैकी निम्म्यांना असू शकतं. याच्यापलीकडं आयुष्यात काही अडत नाही, माझ्या वडिलांचं काही अडलं नाही.’ हे सगळं मी त्या रेडिओच्या भाषेत सांगितलं. दुसरी भाषा त्या वेळी तोंडात आलीच नाही.

“अन् पोरी झाल्या तर?”

“त्यांना दिसेल सगळं. पण त्या पुढं नेऊ शकतात.”

“म्हंजे वंशात राहीनच,” ते म्हणाले. कप खाली ठेवला, बाबांना नमस्कार केला. “कळवतो.”

ते कळवणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माय बाहेर आली आणि कपबशा उचलत म्हणाली, “तिथं शाळेत खरं, इथंही खरंच! एकडाव तरी झाकाचं होतं.” बहीण मात्र माझ्याजवळ आली. तिनं माझी सुटकेस भरायला मदत केली, साड्यांच्या घड्या नीट घातल्या, आणि ते मला मायच्या बोलण्याहून जड गेलं. ती रक्तात जी गोष्ट वाहून नेत होती तीच मीही नेत होते, पण माझ्याबद्दल कोणी विचारायला आलं नव्हतं. पुण्याला राहून मी घरच्यांच्या लग्नाच्या काळजीतून केव्हाच बाहेर पडले होते.

दोन वर्षांनी बहिणीचं लग्न जालन्याकडच्या एका घरात ठरलं. मला पत्रिका आली तेव्हाच कळलं. मायनं सांगून ठेवलं होतं, सगळं पक्कं होईपर्यंत ताईला बोलवायचं नाही. मी लग्नाच्या दिवशी सकाळी पोचले आणि पाहुण्यासारखी मांडवात बसले. नवऱ्या मुलाच्या आत्यानं विचारलं, “तुमी काय करता पुण्याले?” मी म्हणाले, “ऑफिसात आहे.”

सरांनी त्या वंशवेलीचं चित्र एका परिषदेत पडद्यावर दाखवलं. चार पिढ्या, स्वच्छ रेघा. कोणीतरी म्हणालं, “किती सुंदर वंशवेल आहे! गावोगाव फिरून इतकी पूर्ण माहिती मिळणं विरळाच.” सर म्हणाले, “स्थानिक सहकार्य चांगलं मिळालं.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही, ते माझी लाज राखायलाच. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

बहिणीला पुढं दोन मुलगे झाले. मी हजारो माणसांपुढं ते पुस्तक धरलं, पण तिच्या घरी ते कधी नेलं नाही. तिनं बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या वंशवेलीत ते दोन चौकोन अजून कोरे आहेत.

संस्थेत संगणक आला तेव्हा जुनी कार्डं त्यात चढवायचं काम माझ्याकडं आलं. तेव्हाच मी आग्रहानं एक नियम करून घेतला, की माणसांची नावं काढायची, गावांची काढायची, फक्त क्रमांक ठेवायचे. सरांना तो पटला. मला वाटलं, बाबांसाठी निदान एवढं तरी केलं.

बाबा एकदा पुण्याला आले. त्यांना मी ऑफिस दाखवायला नेलं. थंडगार खोली, चपला बाहेर काढून आत जायचं, हिरवी अक्षरं उमटणारा पडदा. ते हात मागं बांधून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, “मी हाव काय यात?”

“आहात, बाबा.”

“दाखव.”

मी क्रमांक टाकला. एक ओळ आली. त्यांनी वाकून पाहिली. “नाव कुठं हाय?”

“नावं काढली. कोणाला कळू नये म्हणून.”

“कोणाले कळू नये?” त्यांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच कळलं नव्हतं. “गावाले तर सगळं माहीतच हाय. इथं तरी राहू द्याचं होतं.”

नियम तर मीच केला होता. मी पडदा बंद केला आणि त्यांना चहाला घेऊन गेले. तिथं ते पुण्यातल्या भाज्या किती सुकलेल्या मिळतात यावर बोलत राहिले.

नंतर बहिणीकडून फोनवर कळलं, की देऊळघाटला पारावर बसून ते सगळ्यांना सांगत, “माह्या पोरीच्या मशिनीत मी हाव.” कोणी खोटं म्हटलं तर बाही वर सारून सुई टोचली ती जागा दाखवत. बहीण हे हसत सांगत होती. पुष्कळ वर्षांनी ती माझ्याशी अशी हसून बोलत होती, म्हणून मीही हसले. पण त्या मशिनीतून त्यांचं नाव मीच काढलं होतं, आणि फोन झाल्यावर बराच वेळ मी आरशाकडं पाहायचं टाळलं.